सव्वासहाची जावक

"या," धावजी म्हणाला.

हातातला झाडू खाली ठेवून तो माझ्या डावीकडच्या खुर्चीकडे पाहत होता. खुर्ची रिकामी होती. सकाळपासून रिकामीच होती. पलीकडून बडे बाबूंनीही फाइलीतली मान वर न काढता "या" म्हटलं. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या निकिताने पर्सची चेन लावता लावता "या काका" म्हटलं. मग सगळे आपापल्या डब्याच्या पिशव्या उचलायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा वाजले होते आणि माझ्या नोकरीचा पहिला दिवस संपला होता.

मला वाटलं, मलाच म्हणताहेत. मी घाईघाईने उठले आणि "येते" म्हणाले. त्यावर धावजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रांगेत मध्येच घुसले होते.

"थांबा थोडसं, मॅडम," तो म्हणाला. "त्याईले निंघू द्या पहिले."

कोणाला, हे मी विचारलं नाही. चौदा वर्षांनी नोकरी लागलेल्या माणसाने पहिल्या दिवशी फार प्रश्न विचारू नयेत, एवढं शहाणपण मी कमावलं होतं. मी पिशवी छातीशी धरून मिनिटभर उभी राहिले, धावजीने मान हलवली, मग निघाले.

मी भैरवी दंडे. वय तेहतीस. माझे बाबा, कमलाकर दंडे, दारव्ह्याच्या याच सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण मला तिथेच नोकरी करायची आहे. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आवक रजिस्टरला आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावक रजिस्टरला चढवायचा, हे बाबांचं काम. चौदा वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला, जावकची एक नोंद करता करता त्यांनी याच टेबलावर डोकं टेकवलं, ते पुन्हा उचललं नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळते. मिळते म्हणजे नाव यादीत लागतं. माझं एकशे एकोणिसावं लागलं. दर वर्षी यवतमाळला जायचं, फलकावर आपला नंबर शोधायचा, तो दोन-चारने सरकला असेल तर स्टँडवर कचोरी खायची आणि परत यायचं. मधल्या काळात मी तलाठ्याची परीक्षा दिली, ग्रामसेवकाची दिली, बँकेची तीनदा दिली. फुलसावंगीला एका शाळेत दोन वर्षं तासिकेवर शिकवलं, एका गॅस एजन्सीत सिलेंडरचे नंबर लावले, आणि बाकी वेळ घरच्या ओसरीवर शिकवण्या घेतल्या. लग्नाची स्थळं यायची ती "नोकरी लागू द्या, मग पाहू" म्हणून जायची. नोकरी मुलाची नाही, माझी.

यंदा जानेवारीच्या शेवटी ऑर्डर आली. पूर्णवेळ, कायम. ठिकाण दारव्हा, पद आवक-जावक लिपिक. मी आईला ऑर्डर मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणजे रत्नप्रभाबाई दंडे, कशालाही चटकन हुरळून न जाणारी बाई. तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "त्याईच्याच खुर्चीत काय?"

खुर्चीत नाही. सदाशिवराव, म्हणजे आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, बाबांच्या बरोबरीचे. त्यांनी मला बाबांच्या टेबलाशेजारी प्लास्टिकची खुर्ची दिली आणि म्हणाले, "चार्ज घेतपर्यंत अठी बसा." लाकडी खुर्चीवर बाबांची उशी तशीच होती, मध्ये दबलेली. बाकीच्या टेबलांवर, कपाटांवर, खिडकीत, जिथे जागा मिळेल तिथे फाइलींचे गठ्ठे होते. त्या खुर्चीवर चौदा वर्षांत कोणी एक कागद ठेवलेला नव्हता. टेबलाच्या काचेखाली दोन हजार बाराचं कॅलेंडर होतं, एस.टी.चं जुनं वेळापत्रक होतं आणि दोन वेण्या घातलेली दहावीतली मी होते. दिवसभर मी कागद चढवत होते आणि ती मुलगी काचेखालून माझ्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी धावजीला गाठलं. तो बाहेरच्या बाकावर भाकर खात बसला होता.

"काल संध्याकाळी तुम्ही 'या' कोणाला म्हटलं?"

"तुमच्या वडलाले," तो म्हणाला. जणू मी आज वार कोणता ते विचारलं होतं. "दुसरं कोण असन?"

माझा चेहरा पाहून त्याने भाकर बाजूला ठेवली.

"तुमाले तर माहीत असन त्याईची सवय. दिवसाची शेवटची नोंद झाली का खाली लाल रेघ मारत, अन् लोखंडी पट्टी काचेवर ठेवत. टक् करून. मंग म्हणत, 'येतो धावजी.' मी म्हणो, 'या.' ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस चालू झालं. पावणेसहाले मी झाडू मारून राह्यलतो. तिकडे टक् झालं. माहं ध्यानच नव्हतं, मॅडम. रोजची सवय, तोंडातून निंघून गेलं, 'या.' अन् मंग आठवलं का आता कोण हाये इथं."

त्याने भाकरीवर फडकं झाकलं.

"पण म्हटल्या गेलं न. 'या' म्हटलं. बोलावल्यावानी झालं ते. माणूस शब्दाचा पक्का, दुसऱ्या दिवशी आला. मंग तिसऱ्या दिवशी मी काहून नाही म्हणू? इतक्या दिवसाचा सोबती, त्याले उत्तर देल्ल्याबिगर कसं जाऊ द्याचं?"

"आणि सकाळी कधी येतात?" मी विचारलं. खरं तर मला हसू येत होतं आणि ते पूर्ण येत नव्हतं.

"ते कोणालेच समजत नाही. जातात तेवढं समजते."

बडे बाबूंना विचारलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी काही मानत नाही असं," ते म्हणाले. "पण एक सांगतो. वीस साली पाच दिवसाचा आठवडा झाला अन् ऑफिसची वेळ पावणेसहाची सव्वासहा झाली. पहिल्याच सोमवारी पट्टी वाजली ते सव्वासहाले. अन् शनिवारी एकडाव मी कामानं येऊन बसलतो, तर वाजलीच नाही. जीआर त्याईनंच आवकले घेतला असन." हे सांगताना ते हसले नाहीत. निकिता तर नोकरीला लागून तीनच वर्षं झालेली. तिने बाबांना कधी पाहिलेलं नव्हतं. "सगळे म्हणतात म्हणून मीबी म्हणते," ती म्हणाली. "नाही म्हटलं तर बरं नाही वाटत, ताई."

बुधवारी मी ऐकलं.

मी मुद्दाम कान देऊन बसले नव्हते. शेवटचा लिफाफा चढवला, घड्याळाकडे पाहिलं, आणि माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर काचेवर टक् झालं. लहानसाच आवाज. लोखंडी पट्टीचा काचेवर होतो तसा. पण टेबलावर पट्टी नव्हती. ती बाबांच्या खणात होती, खणाला कुलूप होतं, आणि त्या कुलपाची किल्ली चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या कपड्यांबरोबर आमच्या घरी आलेली होती. आईच्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात ती अजून आहे, हे मला ठाऊक होतं. माझ्या हातावर काटा आला तो धावजी, बडे बाबू आणि निकिताचं "या, या" होऊन गेलं तरी उतरला नाही.

त्या दिवशी मी भाजीबिजी घ्यायला थांबले नाही. छोट्या लाईनचे बंद पडलेले रूळ ओलांडून, पिठाच्या गिरणीवरून, बाबा यायचे त्याच वाटेने सरळ चालत सुटले. ही वाट पंचवीस मिनिटांची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि समोर आमच्या फाटकाची कडी वाजली.

गल्ली पूर्ण दिसत होती. अजून उजेड होता. फाटकापाशी कोणी नव्हतं. आणि आतून आईचा आवाज आला, "आले का?"

हे दोन शब्द मी चौदा वर्षं ऐकत होते. शिकवणीची पोरं संध्याकाळी याच सुमाराला यायची. मला वाटायचं, आई पोरांचं विचारते. मी आतून ओरडायचे, "नाही आले अजून, येतील," आणि आई काही बोलायची नाही.

मी फाटक उघडलं तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी होती. ओट्यावर दोन कप होते. एक तिच्या हातात, आणि एक कान तुटलेला, भरलेला, समोर ठेवलेला. त्यातून वाफ निघत होती.

"आज लवकर आली वं," ती म्हणाली. "तुहा चहा झाकून ठेवतो. सातले पेजो."

आणि माझ्या डोळ्यांसमोर तिने तो गरम कप बशीने झाकला.

संध्याकाळचा चहा मी कायम गार प्यायले. शिकवणी आटोपून आत यायचे, बशी बाजूला करायचे, साय धरलेला चहा एका दमात संपवायचे. आई आपल्यासाठी चहा ठेवते याचं मला बरं वाटायचं. पण आता आठवलं की पूर्वी आमचा चहा सहा-दहाला व्हायचा आणि वीस सालापासून तो सहा-चाळीसला व्हायला लागला. मी एकदा विचारलं होतं, आई, हल्ली चहा उशिरा का? ती म्हणाली होती, असंच. आणि तेव्हापासून शनिवार-रविवार संध्याकाळी चहाच व्हायचा नाही. चहा माझ्यासाठी नव्हताच. मी उरलेला पीत होते.

ऑफिसात फक्त जावक होती. आवक आमच्या घरी होती. दोन्ही रजिस्टरं चौदा वर्षं एकमेकांना माहीत नव्हती, आणि दोन्हीकडे पाहिलेली मी एकटीच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. इतकी वर्षं बाप रोज घरी येत होता आणि मी त्याचा चहा पिऊन पोरांना लसावि शिकवत होते.

दुसऱ्या आठवड्यात बडे बाबूंनी मला समोर बसवलं.

"हे पाहा भैरवीबाई. चार्ज रिपोर्टवर दोन सह्या लागतात. देणाऱ्याची अन् घेणाऱ्याची. तो रिपोर्ट वर गेला का तुमचं सर्व्हिस बुक उघडते. तोपर्यंत तुम्ही आल्या काय अन् नाही आल्या काय, कागदावर सारखंच. आजपर्यंत या टेबलाचा चार्ज कोणी घेतलाच नाही. एक पोरगा मुकुटबनचा होता, सहा महिन्यात बदली मागून गेला. दुसरा तर पंधरा दिवस टिकला. त्रास काही देला नाही त्याईनं कोणाले. पण दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखं वाटे म्हणत."

"मग आता?"

"आता तुम्ही आल्या. अन् योग पाहा कसा हाये." त्यांनी बाबांचं जुनं सर्व्हिस बुक उघडून जन्मतारखेवर बोट ठेवलं. "सोळा फेब्रुवारी. या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण. नियमानं महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर. अठ्ठावीसले शनिवार येते, म्हणून सत्तावीसले निरोप देऊन टाकू. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. अन् त्या दिवशी कोणी 'या' म्हणाचं नाही. धावजीले सांगतलं मी. रिटायर माणसाले दुसऱ्या दिवशी बोलावता येत नाही."

ते हे अगदी नियम सांगावा तसं सांगत होते. पण पुस्तक मिटायच्या आधी त्यांनी त्या पानावरची धूळ तळहाताने पुसली. बाबा आणि ते पंधरा वर्षं एका डब्यात जेवले होते.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नेमणूक नाकारली की यादीतलं नाव कायमचं जातं. दुसऱ्यांदा लागत नाही. तेहतिसाव्या वर्षी मी पुन्हा ओसरीवर बसले असते. मला ही नोकरी हवी होती. ती इतकी हवी होती की रात्री कूस बदलताना मी माझं पद मनात म्हणून पाहायचे. आणि ती घेतली की आईचा सहा-चाळीसचा एक कप जाणार होता. तिच्याजवळ त्याच्याशिवाय दुसरं काय होतं, मला आठवेना.

गुरुवारी, आदल्या दिवशी, मी तिला सांगायचं ठरवलं. ती अंगणात दिव्याच्या उजेडात तुरी पाखडत बसली होती. सव्वासातचा सुमार, कडी वाजून गेली होती.

"आई, तुले माहीत हाये न, कडी कोण वाजवते?"

"वारा वाजवते."

"शनिवारी वारा नसते काय?"

सूप तिच्या हातात थांबलं. तुरीचे चार दाणे खाली पडले ते तिने वेचून परत टाकले.

"म्या कधी बाहीर येऊन पाह्यलं नाही," ती म्हणाली. "पाह्यलं असतं तर कोणी दिसलं नसतं. मंग चहा कोणाले ठेवला असता?"

"अन् जातात कधी?"

"ते नाही समजत. येतात तेवढं समजते."

मी तिला सगळं सांगितलं. पट्टी, धावजी, जीआर, उद्याचा निरोप. माझं संपल्यावर तिने सूप भिंतीला टेकवलं, आत गेली आणि देव्हाऱ्याखालच्या डब्यातून किल्ली घेऊन आली. लहानशी, काळी पडलेली.

"रिटायर होऊन राह्यले म्हण," ती म्हणाली. आणि किल्ली माझ्या हातात देताना तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता तसा झाला. "रिटायर झालेला माणूस घरीच राह्यते न वं?"

मी किल्ली पिशवीत ठेवली.

शुक्रवारी चारला निरोप समारंभ झाला. साहेब दौऱ्यावर होते. म्हणजे बडे बाबूंनी त्यांचा दौरा त्याच दिवशी लावून दिला होता. धावजीने आलूबोंडे आणले. लाकडी खुर्चीच्या पाठीवर शाल घातली, उशीवर नारळ ठेवला. बडे बाबू उभे राहून बोलले. "कमलाकरबाबूंनी नोकरीत कधी लेटमार्क घेतला नाही. मागच्या चौदा वर्षांत तर एक रजाबी नाही." कोणी हसलं नाही. निकिताने डोळे पुसले, ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसासाठी.

मग मी किल्लीने खण उघडला. पट्टी होती. लाल पेन होतं, शाई वाळून गेलेलं, कागदावर ओढलं तर नुसता ओरखडा उठला. तळाशी ते जुनं जावक रजिस्टर होतं. शेवटच्या पानावर नोंद अर्धी होती. क्रमांक लिहिलेला, तारीख लिहिलेली, आणि 'कोणास पाठविले' या रकान्यात काही नाही. त्या पानावर दिवसाची रेघ नव्हती. मी रजिस्टर उघडंच ठेवलं, शेजारी पट्टी ठेवली, आणि माझी सही केलेला चार्ज रिपोर्ट त्याच्याजवळ. देणाऱ्याचा रकाना कोरा होता.

सहा वाजल्यापासून कोणी काम करत नव्हतं. धावजी झाडू न घेता भिंतीला टेकून उभा होता. मी घड्याळाकडे पाहत होते, टेबलाकडे पाहायची छाती झाली नाही.

टक्.

आणि कोणी काही म्हणालं नाही. धावजीने ओठ घट्ट मिटले होते.

एक मिनिट गेलं. दोन गेली. खोलीतलं काहीच हललं नाही, कोणी निघालं नाही. चौदा वर्षं ज्याला रोज कोणीतरी उत्तर देत होतं, तो उत्तराशिवाय उठेल कसा? तो थांबला होता. खुर्चीपाशी, शालीपाशी, माझ्या डाव्या हाताला, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबला होता. बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. धावजीने पाहिलं. आणि मला कळलं की 'या' म्हणायचं नाही एवढंच आम्ही ठरवलं होतं, त्याच्या जागी काय म्हणायचं ते कोणी ठरवलं नव्हतं.

लहानपणी एकदा शाळेला निघताना मी "जाते" म्हणाले होते. आईने मला रस्त्यावरून परत आणलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं, आणि "येते" म्हणवून घेऊन मगच सोडलं. निघालेल्या माणसाला "जा" म्हणणं तर लांबच. ते मी कधी शत्रूलाही म्हटलेलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले. "आता मी आहे इथे. तुम्ही जा."

खुर्ची करकरली. शालीचं एक टोक पाठीवरून घसरून खाली आलं. नंतर बराच वेळ काही झालं नाही, आणि मग खोली नुसती खोली झाली. धावजीने दिवा लावला. आम्ही चौघांनी टेबलाकडे पाहिलं. जुन्या रजिस्टरमधल्या त्या अर्ध्या नोंदीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ होती. मी पानावर बोट ठेवलं तर बोट लाल झालं. बडे बाबूंनी खिशातून पेन काढलं, चार्ज रिपोर्टवर देणाऱ्याच्या रकान्यात 'सेवानिवृत्त' लिहिलं आणि खाली आपली सही केली. धावजी बाहेर जाऊन रडला. मला रडू आलं नाही. मी नोकरीसाठी माझ्या बापाला घालवलं होतं, आणि तेच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

नारळ पिशवीत घालून मी घरी आले तेव्हा आई फाटकात उभी होती. ती फाटकात कधी उभी राहत नाही.

"आज दोनदा वाजली," ती म्हणाली.

"काय?"

"कडी. पहिल्यांदा वाजली, म्या म्हटलं, 'आले का?' चहा ओतला. अन् मंग परत वाजली." ती कडीवर हात ठेवून उभी होती. "जातानी कधी समजत नव्हतं. आज समजलं. तू काय म्हटलं त्याईले?"

मी खोटं बोलू शकले असते.

"जा म्हटलं."

तिने कडीवरचा हात काढला. अंधारून येत होतं. मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. "कोणी तरी म्हणाच लागत होतं," ती म्हणाली. "माह्यानं तर झालं नसतं." आणि आत गेली.

शनिवार-रविवारी आम्ही बाबांविषयी बोललो नाही. तिने तुरी पूर्ण पाखडल्या, डबे भरले. नारळ फोडला नाही, देव्हाऱ्यापाशी ठेवला.

सोमवारी मी लाकडी खुर्चीवर बसले. उशी मी बदलली नाही. दिवसभरात एकवीस कागद आवकला चढवले, नऊ जावकला. सव्वासहाला शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारली, ती जराशी तिरपी गेली, आणि पट्टी काचेवर ठेवली. टक् झालं. सगळ्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

"येते," मी म्हणाले.

धावजीने झाडू खाली ठेवला.

"या," तो म्हणाला.

मी रूळ ओलांडले, गिरणीवरून गेले. कुठे थांबले नाही आणि घाईही केली नाही. फाटकाशी पोचले तेव्हा सहा-चाळीस झाले होते. मी हात घालून कडी काढली. कडी वाजली.

आतून आवाज आला नाही. मी तशीच उभी राहिले. आई 'आले का' म्हणेल या भीतीने माझे पाय हलेनात, आणि ती काहीच म्हणणार नाही या भीतीनेही.

"आली का?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "आली."

ओट्यावर दोन कप होते. तिने एक माझ्यापुढे सरकवला. कप तोच होता, कान तुटलेला. वर बशी झाकलेली नव्हती. मी पहिला घोट घेतला आणि जीभ पोळली.